चौथ्या पडद्यावरचा लाल ठिपका

राग धरून ठेवायची मला लहानपणापासून सवय आहे. आई म्हणायची, या पोरीला आज चिमटा काढा, ही दहा वर्षांनी ओरडेल. आनंदराजदादानं मला चिमटा काढला नाही, भर सभेत मुस्कटात मारली, तीही गळ्यात हार घालून. त्याची परतफेड करायला दहा वर्षं लागली नाहीत. पाच आठवडे पुरले.

आनंदराजदादा आमच्या गायन पार्टीचा गायक आणि मालक. जयंतीच्या दिवसांत हदगावपासून देगलूरपर्यंत आम्हाला एक संध्याकाळ मोकळी मिळत नाही. मी महामाया. दिवसा नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात फायली सरकवते आणि कार्यक्रमाला दादाच्या डाव्या हाताला उभी राहून बेस गिटार वाजवते. चौदा वर्षं झाली. सुरुवातीला साडीवर बेस अडकवलेली बाई बघायला लोक स्टेजच्या कडेला गर्दी करायचे. आता करत नाहीत, आणि मला तेच बरं वाटतं.

माझा बेस मला कलीमचाचांनी दिला. इतवाऱ्यात त्यांचं वाद्यं दुरुस्त करायचं दुकान आहे. कुठल्याशा मोडलेल्या ऑर्केस्ट्राचा हा बेस त्यांनी उचलून आणला, दांडी घासली, तिच्यावरच्या सुटलेल्या आडव्या पट्ट्या, म्हणजे पडदे, पुन्हा बसवले आणि मला म्हणाले, घे, यावर हात बसव. त्या दांडीचं वार्निश माझ्या अंगठ्यानं उडालंय. अंधारात, डोळे मिटून, भांडता भांडतासुद्धा मला त्यावर हवा तो सूर सापडतो.

आता एक गोष्ट सांगते, जी पार्टीत फक्त मला आणि कीबोर्डवाल्या बालाजीला माहीत होती. निदान मला तसं वाटत होतं. आमच्यात गायकाचा सूर पेटीच्या पट्टीवरून ओळखतात. दादाचा सूर काळी चार. पुरुषाच्या गळ्याला हा भलताच उंच, म्हणून पोस्टरवर त्याच्या नावाखाली 'काळी चारचा बादशहा' असं छापतात. बेसच्या जाड तारेवर चौथ्या पडद्याला बोट लावलं की काळी चार वाजते. गाण्याआधी दादा वळून माझं बोट बघतो. चौथ्या पडद्यावर मी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय. बोट ठिपक्यावर दिसलं की दादा 'हां' म्हणतो आणि माझ्या सुरावरून आपला सूर उचलतो.

सहा वर्षांपूर्वी हदगावला तिसऱ्या कडव्यात त्याचा आवाज चिरला. लोकांना वाटलं सर्दी झाली असेल. मला ते सर्दीचं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी चाचांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की गळ्याचं वय झालंय, पण हे त्याला सांगू नको, माणूस खचेल. मग त्यांनी माझ्या बेसच्या चारही तारा सारख्या ढिल्या केल्या. बोट लाल ठिपक्यावरच राहायचं, पण वाजायची तिच्या खालची काळी तीन. बालाजीनं कीबोर्डवर सूर उतरवायचं बटण दाबून ठेवलं. ढोलकीवाल्यानं आमच्या सुराला ढोलकी लावली आणि काही विचारलं नाही. दादा परत पहिल्यासारखा गायला लागला. ढिल्या तारा जरा खरखरायच्या, जरा घुमायच्या. तेवढं चालायचंच.

या मार्चात पार्टीला पंचवीस वर्षं झाली म्हणून नांदेडला हॉल घेऊन कार्यक्रम केला. दादानं मला पुढं बोलावलं, हार घातला आणि एक कोरा करकरीत काळा बेस माझ्या हातात दिला. मला खरंच भरून आलं होतं. मग त्यानं माइक घेतला.

"चौदा वर्षं ही आमची माया भंगारावर वाजवून राहिली. ढिल्या तारा, डबडं वाजल्यावानी आवाज. कलीममियाँनी फळकुटाला तारा ठोकल्या न् आमच्या गळ्यात मारलं. माझा गळा दबला तो त्या डबड्यापायी. आता बघा."

हॉल खो खो हसला. तिसऱ्या रांगेत कलीमचाचा बसले होते, इस्त्रीचा पांढरा कुडता घालून, आम्हीच दिलेलं आमंत्रण हातात धरून. ते उठले, शेजारच्यांच्या गुडघ्यांना धक्का लागू नये म्हणून अंग चोरत रांगेतून बाहेर पडले आणि निघून गेले. मी स्टेजवर हार घालून उभी होते. हसणाऱ्यांकडे बघून मीही ओठ ताणले असतील. त्याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. चाचांनी माझा जुना बेस मागून घेतला, तारा काढल्या आणि खुंटीला टांगला. मी तिथं असतानाच कोणीतरी जाता जाता विचारून गेलं, का चाचा, फळकुटाला तारा ठोकायला काय घेता? चाचा मान खाली घालून तबल्याची वादी ओढत राहिले. चाळीस वर्षं त्यांनी या गावाची वाद्यं जिवंत ठेवली आणि एका संध्याकाळीत ते गावाच्या थट्टेचा विषय झाले.

मी दादाकडे जाऊन सांगितलं की जे बोललात ते माइकवरून परत घ्या. तो हसला. गंमत केली गं, म्हणाला, तू लई मनाला लावून घेती. त्या दिवसापासून मी मनातल्या मनात त्याला अहोजाहो करणं सोडून दिलं. आणि ठरवलं की चाचांचं नाव याच्या तोंडून वदवून घ्यायचं, तेही माइकवरच. कसं, ते त्यानंच मला दाखवून दिलं.

नव्या बेसबरोबर सूर जुळवायचं एक छोटं यंत्र आलं होतं. सूर बरोबर लागला की त्यावर हिरवा दिवा लागतो. दादानं ते बेसच्या डोक्याला अडकवलं, स्वतःच्या हातानं चौथ्या पडद्याला लाल ठिपका दिला आणि मला बजावलं, हिरवा लागलाच पाहिजे, केसभर ढिली तार चालणार नाही. मी म्हणाले, हाव दादा. एवढं आज्ञाधारकपणे मी आयुष्यात कधी हाव म्हटलं नसेल.

नवा बेस चांगला होता, खोटं कशाला बोलू. आवाज स्वच्छ, दांडी गुळगुळीत, वजन कमी. पण माझा हात त्यावर पाहुण्यासारखा वागायचा. घरी सराव करताना अंगठा सारखा ती वार्निश उडालेली जागा शोधायचा. मी दात-ओठ खाऊन सराव करत राहिले. हा बेस मला फक्त एका संध्याकाळीपुरता हवा होता.

परीक्षांमुळे मार्चात कार्यक्रम नव्हते. मोसमातला पहिला कार्यक्रम एप्रिलच्या सुरुवातीला, लातूरला, उमादेवीच्या पार्टीबरोबर गाण्याचा सामना. तालमीत दादाला काही कळायचा प्रश्न नव्हता. तालमीत तो आवाज राखून गातो. तिसऱ्या कडव्याची वरची ओळ आली की नुसता हात वर करून दाखवतो. त्याची ही पद्धत अख्ख्या पार्टीला माहीत आहे.

लातूरला जाताना अहमदपूर सोडल्यावर मी बालाजीला हळूच सांगितलं, आज बटण दाबायचं नाही. तो चाकूरपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, दादाचा गळा फाटंल. मी म्हणाले, त्यानंच सांगितलंय हिरवा दिवा लागला पाहिजे म्हणून. बालाजीचा कीबोर्ड चाचांनी दोनदा जिवंत केलेला होता. त्यानं मान डोलावली.

सात वाजता सामना सुरू झाला. आधी उमादेवी गायली. तिशीतली बाई, आवाज धारेचा, आणि मैदान तिच्या गावचं. मग आमची पाळी आली. दादानं वळून माझं बोट बघितलं. बोट त्याच्या ठिपक्यावर होतं, यंत्रावर हिरवा दिवा होता. "हां," तो म्हणाला. पहिली दोन गाणी त्यानं कशीबशी काढली; मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. तिसरं गाणं त्याचं हुकमी, ज्याच्यासाठी लोक येतात. तिसऱ्या कडव्यात त्यानं आवाज वर नेला, आणि तो वर पोचलाच नाही. मध्येच फाटला आणि नुसती हवा बाहेर आली.

मग मागून शिट्टी आली, मग हसू. तेच हसू, नांदेडच्या हॉलमधलं. मला ते ऐकून गार वाटलं. चाचा कसे अंग चोरून रांगेतून निघाले होते ते माझ्या डोळ्यांपुढं होतं, आणि मी मनात म्हणत होते, आता तू निघ बरं असाच.

दादानं हात करून संगीत थांबवलं. माझ्याजवळ आला, माइकवर तळहात दाबला.

"माया, दोन पडदे मागं सरक."

दोन पडदे मागं म्हणजे काळी तीन. म्हणजे याला ठाऊक होतं. सहा वर्षं माझं बोट बघून 'हां' म्हणत होता, तेव्हाही ठाऊक होतं. नांदेडला माइक हातात घेतला, तेव्हाही ठाऊक होतं. दोष तारांचाच, नवा बेस आला की जुना गळा परत येईल, असं त्यानं स्वतःला पटवलं असेल. नकळत बोलला असता तर कदाचित मी तिथंच बोट सरकवलं असतं. नुसतं बोटच तर सरकवायचं होतं, दोन पडदे, तीन-चार इंच. मी ते ठिपक्यावरून हलवलं नाही.

"चाचांचं नाव घ्या," मी म्हणाले. "माइकवर."

"इथं? एवढी लोकं हायत."

"तिथंबी होती."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की दुसऱ्या कुणाची मान खाली गेली असती. मग पुढं जाऊन त्यानं लोकांना सांगितलं की आज घशाला जरा हवा लागलीय, आणि बालाजीला खूण करून कडवं परत घेतलं. मी वाजवलं, जसं सांगितलं होतं तसं, हिरव्या दिव्यात. आवाज परत त्याच जागी फाटला, पहिल्यापेक्षा वाईट. शिट्ट्या थांबेनात. दादा पाठमोरा उभा होता आणि त्याच्या शर्टावर घामाचा मोठा डाग पसरत होता.

मग त्यानं माइक तोंडाजवळ घेतला.

"माझा सूर काळी चार न्हाई. सहा वर्षं झाली, मी काळी तीनला गातो. नांदेडच्या कलीमचाचांनी बेसच्या तारा उतरवून माझी लाज राखली. मला ते ठाऊक होतं. तरी मी भर सभेत त्यांची चेष्टा केली. ते मी खोटं बोललो."

मी बोट दोन पडदे मागं घेतलं. बालाजीनं माझ्या बोटाकडे बघून बटण दाबलं. आणि दादा गायला. मी चौदा वर्षांत त्याला असं गाताना ऐकलं नव्हतं. लपवायचं काही उरलं नव्हतं म्हणून असेल. वरच्या ओळीवर तो आरामात बसला, आणि माणसं उठून उभी राहिली. शिट्ट्या मारणारेसुद्धा. उमादेवी विंगेतून येऊन त्याच्या पाया पडली. टाळ्या काही थांबेनात, आणि मी जळत होते. मला त्याचा पडलेला चेहरा हवा होता. मिळाला, पण दोन मिनिटंच. बाकी सगळ्या टाळ्या तोच घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवा बेस घेऊन दुकानात गेले, तर चाचांना मोबाइलवर सगळं कुणीतरी आधीच दाखवलं होतं. त्यांनी चहा मागवला. बशीतला चहा फुंकला.

"नाव घेतलं, बरं वाटलं," ते म्हणाले. "पर बेटा, मी तारा उतरवल्या त्या झाकायसाठी. तू त्याला उघडा पाडला."

मी म्हणाले, मला पस्तावा नाही. ते म्हणाले, मला आहे थोडा.

मी खुंटीवरचा बेस काढायला सांगितला. तारा चढवा, खऱ्या सुरात, यंत्राप्रमाणं, मी म्हणाले, आता कुणासाठी ढिल्या ठेवायच्या? चाचांनी तारा चढवल्या आणि हळूहळू ताणत नेल्या. काळी चार येईपर्यंत दांडी पुढं झुकली, तारा पडद्यांपासून वर उचलल्या गेल्या. बोट दाबावं तर सूर भलतीकडेच. त्यांनी दांडी सरळ ठेवणारा आतला स्क्रू आवळून बघितला, सैल करून बघितला, परत तारा ताणल्या. तासभर खटपट केली. शेवटी त्यांनी तारा पूर्वी होत्या तेवढ्या ढिल्या केल्या, आणि दांडी आपोआप सरळ झाली.

"सहा वर्षांत लाकूड त्याच्या गळ्याला बसलं," चाचा म्हणाले. "आता याला दुसरा सूर चालत न्हाई."

नवा बेस कोपऱ्यात उभा होता. त्यावर कुठलाही सूर चालला असता, कुठल्याही गायकाचा. मी त्याच्याकडे बघितलं आणि जुना गळ्यात अडकवला. अंगठा वार्निश उडालेल्या जागेवर जाऊन बसला आणि माझा हात माझा झाला. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. जगात मला वाजवावासा वाटतो असा एकच बेस आहे, आणि तो त्या माणसाच्या गळ्याच्या मापाचा झालाय.

चौथ्या पडद्यावरचा ठिपका मी नखानं खरवडून काढला. मग डोळे मिटून वाजवायला घेतलं, तर बोट तिथंच गेलं.