वरातीपुढचं घोडं

पद्माकर बाता मारायचे, पण फक्त घोड्यांबद्दल. बाकी माणूस सरळ. जन्म बार्शीचा, नोकरी पुण्याच्या टेलिफोन खात्यात, आणि मन कायम टेक्सासात. लायब्ररीतून कॅसेटी आणून जुन्या काउबॉय मालिका त्यांनी इतक्यांदा पाहिल्या की बिचाऱ्या व्हीसीआरने मान टाकली. इंग्रजी निम्मं कळायचं नाही. पण काउबॉयला तरी कुठे बोलायचं असतं? टोपी खाली ओढायची, पचकन थुंकायचं आणि घोड्यावर टांग टाकायची.

शेजारी सुलेखाबाई शेंगा सोलत बसायच्या. पडद्यावर गोळीबार सुरू झाला की उठून आत जायच्या, थांबला की परत यायच्या. ‘बायको भित्री आहे, पण माझ्याखातर बसते हो,’ असं पद्माकर चारचौघांत कौतुकाने सांगत.

२०१४ साली दोघं तीन महिने सिंगापूरला मुलाकडे, सारंगकडे आले. सारंगची बँक रॅफल्स प्लेसला, फ्लॅट बुकित बातोकला. तिथे केबलवर दुपारी तेच काळेपांढरे घोडे सापडले आणि पद्माकरांचं सिंगापूर बघणं तिथेच संपलं. शाळेतून आली की नऊ वर्षांची नात ऋता शेजारी बसायची. मोकळ्या घोड्यांचा कळप नदी ओलांडताना दिसला की दोघांची तोंडं उघडीच. जगात आता हे एकच माणूस उरलं होतं, ज्याला आजोबांच्या बाता खऱ्या वाटत. मग काय, आजोबांनीही हात सैल सोडला. बार्शीच्या माळावर बिनलगामाचं घोडं दौडवलं, पकडलं, माणसाळवलं. सगळं एकट्याने.

परिणाम व्हायचा तो झाला. ऋताने बापाच्या मागे लागून घोडेस्वारीच्या शाळेत शनिवारचं बुकिंग करवून घेतलं. दोघांचं.

“आजोबा, यू विल शो देम, लाह,” ती तिथल्या सिंगापुरी थाटात म्हणाली.

घोडामैदान जवळच असतं म्हणतात, पण इतकं जवळ? पद्माकरांनी शुक्रवारी गुडघा दुखवून पाहिला. सुलेखाबाईंनी मुकाट्याने मलम आणून दिलं, आणि तो नाइलाजाने बरा झाला.

शनिवारी पाहतात तर कुंपणाच्या आत एक तपकिरी घोडं दोरीच्या टोकाला गोल गोल फिरत होतं. त्याचं नाव बिस्किट. ऊन चढलं की त्याला आत नेऊन पंख्याखाली उभं करत. असल्या घोड्यालाही आपण घाबरतो, याची पद्माकरांना फार लाज वाटली. शिकवणाऱ्या बाईंनी त्यांच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं. त्यांनी रिकिबीत पाय घातला, आणि तिथेच घोडं अडलं. बिस्किट तयार होतं, पद्माकरांचा दुसरा पाय जमीन सोडेना.

ऋता टाळ्या वाजवायची थांबली. सुलेखाबाई बाकावर पर्स घेऊन बसल्या होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. एक शब्द बोलल्या असत्या तर संपलं असतं, पण त्या पाण्याची बाटली उघडत राहिल्या.

पद्माकरांनी हेल्मेट काढलं. “ऋता, मी आयुष्यात एकदाच घोड्यावर बसलोय. आमच्या लग्नात. कुणीतरी फटाक्यांची माळ लावली, घोडं उधळलं आणि मी बँडवाल्याच्या ढोलावर पडलो.”

“सो एव्हरीथिंग खोटं?”

“सगळं.”

ऋता बराच वेळ बुटाने वाळू उकरत राहिली. आजोबांना वाटलं, संपलं. मग ती म्हणाली, “देन घोडा कुठे गेला?”

चाळीस वर्षांत हे पद्माकरांच्या डोक्यातच आलं नव्हतं. पडलेल्याला घोड्याची कसली चौकशी?

“मला माहीत आहे,” सुलेखाबाई म्हणाल्या. “मी गौरीहरापुढे बसले होते, समोर खिडकी. बँड एकदम थांबला आणि घोडं एकटंच आलं. पाठीवर कुणी नाही. कपाळावरचे गोंडे उडतायत, झूल लोंबतेय. कार्यालयावरून सरळ पुढे गेलं, रूळ ओलांडले आणि माळाला लागलं. तिथे झूलही पडली. इतकं सुंदर मी परत काही पाहिलं नाही. म्हणून तर टीव्हीपुढे बसते.”

“माझ्याखातर नाही?” पद्माकरांनी विचारलं.

“घोड्यांखातर. गोळीबारात बुजतात बिचारी, मला बघवत नाही, म्हणून उठते.”

“अँड आजोबा?” ऋताने विचारलं.

“ते आले मागून. चालत.”

ऋता इतकी हसली की बिस्किटाने कान टवकारले. मग तीच त्याच्यावर बसली आणि दोरीच्या टोकाला सात फेऱ्या मारून आली. पद्माकर बाकावर बायकोशेजारी बसून राहिले. त्यांना वाईट वाटलं होतं. चाळीस वर्षं एका सोफ्यावर बसून तिला एकदाही विचारलं नव्हतं.

दुपारी घरी पुन्हा तीच मालिका लागली. पहिली गोळी सुटली तशा सुलेखाबाई शेंगांचं ताट घेऊन उठायला लागल्या. पद्माकरांनी रिमोट उचलून चॅनल बदललं आणि घड्याळाकडे बघत म्हणाले, “बस. दोन मिनिटांनी परत लावतो. पुढे नदीवरची घोडी आहेत.”

सुलेखाबाई बसल्या. एक शेंग फोडून दाणे त्यांच्या हातावर ठेवत म्हणाल्या, “वरातीमागून घोडं.”