कोरड्या ओढ्यातली वॉटरबॅग

मी ईराची वॉटरबॅग बोलतेय. आता मला बघून कुणी वॉटरबॅग म्हणणार नाही. बूड चिरलंय, पट्टा केव्हाच तुटला, चुलीच्या धुराने निळा रंग काळपट झालाय. पोलादपूरच्या वरच्या डोंगरात अंबूबाईच्या घरी, पोटात नाचणीचं बियाणं घेऊन मी आढ्याला टांगलेली आहे. तरी मी ईराचीच. मला तिला एक निरोप द्यायचाय. मला तोंड आहे पण आवाज नाही, म्हणून तुम्हाला गाठलं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते ठाऊक नाही. गरम साच्यातून सुटले, खोक्यात बसले, आणि उजेड पाहिला तो महाडच्या बाजारपेठेतल्या एका स्टेशनरीच्या दुकानात. सत्त्याण्णव सालचा जून होता. गंगाधर सर मुलीला घेऊन आले. सर शाळेत भूगोल शिकवायचे. ईरा तिसरीत चालली होती. तिने दुकानदाराकडे पाणी मागितलं, मला काठोकाठ भरलं, झाकण लावलं आणि भर दुकानात उलटं धरलं.

"गळत नाही, बाबा," ती म्हणाली. त्या क्षणापासून मी तिची झाले.

शाळेत तर मी जायचेच, पण माझे खरे दिवस मे महिन्यातले. इतर घरांत सुट्टी लागली की मुलांपुढे शुद्धलेखनाच्या वह्या यायच्या. सरांच्या घरात वही नव्हती, पिशवी होती. पिशवीत दोरी, थर्मामीटर, भाकरी आणि चटणी. आई अनुपमा पोस्टात नोकरीला होती. तिला सुट्टी असेल त्या दिवशी चौघं निघायची.

सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात थर्मामीटर सोडून मुलं आकडे वाचायची आणि अनुपमाताई काठावर बसून पाय शेकायच्या. गांधारपाल्याच्या लेण्यांत थोरल्या देवव्रतने सव्वीस गुंफा मोजल्या, ईराने एकोणतीस. दोघं पायथ्यापर्यंत भांडत आली. सरांनी निकाल दिला नाही. "पुन्हा वर जा आणि बोट लावून मोजा," म्हणाले. दोघं खरंच पुन्हा वर गेली, आणि अनुपमाताई पोट धरून हसल्या. हिरकणीवाडीला ताक पिताना सर विचारायचे, ऊन कुठून येतंय, म्हणजे गड कुठल्या दिशेला. सर प्रश्न विचारायचे, पण उत्तर चुकलं तर कधी रागवायचे नाहीत.

सगळी मुलं अशी शिकली तर किती बरं, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं. म्हणून पुढचं सांगताना मला त्रास होतो.

नव्याण्णव सालचा मे होता. देवव्रत तेरा वर्षांचा, ईरा दहाची. पोलादपूरच्या पुढे घाटरस्त्याला एक ओढा आडवा येतो. बसमधून जाताना ईराने विचारलं होतं, हा कुठून येतो? सर म्हणाले, "चालत जाऊन बघू. उन्हाळ्यात तो कोरडा असतो, पात्रातूनच वर जाता येईल."

अनुपमाताईंची शनिवारची ड्यूटी होती. "रविवारी जाऊ, मीही येते," त्या म्हणाल्या. सर थांबले नाहीत. दोन दिवसांपासून त्यांचं पोट बिघडलं होतं, हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मला कळलं होतं, कारण ते रात्री दोनदा उठून माझ्यातलं पाणी प्यायले होते.

बसमधून उतरून आम्ही ओढ्यात शिरलो तेव्हा आठ वाजले होते. पाण्याचा मोठा कॅन सरांच्या खांद्यावर होता. थोडं वर गेल्यावर दगड इतके मोठे झाले, की दोन्ही हात लावून चढावं लागायचं. सरांनी कॅन एका आंब्याखाली ठेवला. "येताना घेऊ. ईराच्या वॉटरबॅगेत पुरेसं आहे."

पुरेसं नव्हतं. पण तेव्हा तिघांपैकी कुणालाच ते वाटलं नाही.

दहा वाजले, साडेदहा झाले. काळा दगड तापून झळा मारायला लागला. वारा पडला होता. मुलं दोनदोनदा पाणी प्यायली. सरांपुढे ईराने मला धरलं की ते म्हणायचे, "आधी तुम्ही." अकराच्या सुमाराला ते एका करंजाच्या सावलीत बसले आणि पुन्हा उठलेच नाहीत.

आधी मुलांना वाटलं, दमले. देवव्रतने हात धरून ओढलं. सरांचा हात कोरडा होता. एवढ्या उन्हात घामाचा टिपूस नाही आणि अंग तव्यासारखं तापलेलं.

"बाबा, हे कशाचं झाड?" ईराने डोक्यावरच्या फांदीकडे बोट दाखवलं. त्यांना बोलतं ठेवायचं, एवढंच तिला सुचलं असावं.

"करंज," सर म्हणाले. "पान चुरगळून वास घे."

तिला जरा हायसं वाटलं. थोड्या वेळाने तिने त्याच झाडाबद्दल पुन्हा विचारलं.

सरांनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "घंटा झाली का?"

ईराने भावाकडे पाहिलं. देवव्रतचा चेहरा पांढरा पडला होता.

"दादा, खाली जाऊ या. रस्ता माहीत आहे आपल्याला."

"खाली दोन तास लागतील. आणि बाबांना कोण उचलणार?" तो इकडेतिकडे पाहत होता. वरच्या अंगाला दगडावर शेण पडलेलं होतं. त्याने बोट लावून पाहिलं. "ओलं आहे. सकाळी गुरं इथून गेलीत. म्हणजे वर वस्ती आहे. मी वर जातो."

"नसली तर?"

ईराने माझ्या झाकणाचा पेला भरून त्याच्यापुढे धरला. त्याने तो एका घोटात संपवला, आणि दगडांवरून जनावरासारखा चार पायांनी चढत दिसेनासा झाला.

आता माझ्यात आठ पेले पाणी उरलं होतं. मला माझ्या पोटातलं पाणी नेमकं कळतं.

पहिला पेला ईराने सरांच्या तोंडाला लावला. ते गिळेनात. पाणी हनुवटीवरून ओघळलं आणि त्यांना असा ठसका लागला की ती घाबरून रडायला लागली. मग तिने पुन्हा तोंडात पाणी घातलं नाही. तिच्याजवळ रुमालही नव्हता, म्हणून तिने पिशवीतलं भाकरीचं फडकं सोडलं, ते भिजवलं आणि त्यांच्या कपाळावर, मानेवर, छातीवर फिरवू लागली. फडकं क्षणात वाळायचं. दुसऱ्या हाताने ती पळसाच्या पानांनी वारा घालायची. हात बदलायची. पुन्हा घालायची.

सरांचं घड्याळ त्यांच्याच मनगटावर होतं. ती मधूनमधून त्यात पाहायची. पावणेबारा. बारा वाजून पाच. साडेबारा. प्रत्येक वेळी ती वर ओढ्याकडे बघायची आणि हाक मारायची, "दादा." आधी मोठ्याने, मग नुसते ओठ हलायचे.

दोन पेले गेले. चार गेले. सहा गेले. मला एकच काम येतं, पाणी धरून ठेवायचं आणि लागेल तेव्हा द्यायचं. मी हलकी होत चालले होते आणि मला ते थांबवता येत नव्हतं. त्या दिवसासारखी हतबलता मी कधी अनुभवली नाही.

सरांचे डोळे अर्धवट उघडे होते, पण ते कुठेच पाहत नव्हते. एकदा त्यांचं अंग झटके देऊन ताठ झालं. ईरा त्यांच्या छातीवर पडून त्यांना धरून राहिली.

एक वाजला. करंजाची सावली सरकून ईरा उन्हात आली होती, तिला भान नव्हतं. मग तिच्या हातातली पानं गळून पडली. ती बसल्या जागी डुलली आणि तिचं डोकं दगडावर आपटलं. त्या आपटण्यानेच ती सावध झाली. तिने मला उचललं, शेवटचा पेला भरला. फडक्याकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं. आणि तो पेला ती स्वतः प्यायली.

नंतर तिने मला उलटं धरलं. दोन थेंब पडले. ते तिने फडक्यावर घेतले आणि पानं उचलून पुन्हा वारा घालू लागली.

अडीचच्या सुमाराला वरून दगड गडगडल्याचा आवाज आला. डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन एक बाई अनवाणी उतरत होती. ती अंबूबाई. तिच्यामागे तिचा नवरा रामजी, वाडीतला हैबती आणि आणखी दोघं, खांद्यावर बांबू आणि घोंगडी घेऊन. सगळ्यांत शेवटी देवव्रत. त्याचे गुडघे फुटले होते.

"तोंडात नको घालू गो, ठसका लागंल," हंड्यात ओंजळ घालणाऱ्या ईराला अंबूबाई म्हणाली आणि हंडा सरांच्या अंगावर ओतला. "किती येळ झाला?"

ईराने सरांच्या घड्याळातल्या अकराच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"मास्तर, आयकू येतंय का?" रामजीने गालावर थापट्या मारल्या. मग तो हैबतीला म्हणाला, "जीव हाय. उचल बिगीबिगी."

बांबूला घोंगडी बांधून डोली झाली. चौघांनी ती खांद्यावर घेतली आणि रस्त्याच्या दिशेने उतरायला लागले. अंबूबाईने ईराला पाठुंगळीला घेतलं. मी करंजाखाली दगडावर होते. कुणीही मागे वळून पाहिलं नाही. पाहायची वेळच नव्हती.

तिसऱ्या दिवशी गुरांमागून जाताना अंबूबाईला मी सापडले. तिने मला घरी नेलं. माझ्यात ती ताक भरून रानात न्यायची. मी तिच्या कमरेला असायचे आणि माझ्या मनात एकच, सर आहेत का? ईरा कशी आहे? रामजी पोलादपूरला गेला की दवाखान्यात चौकशी करायचा. येऊन सांगायचा, "मास्तरला म्हाडला नेला, तितून म्हमईला. पुढचा कुनाला म्हायत नाय."

असं पुरं एक वर्ष गेलं.

पुढच्या मे महिन्यात एका सकाळी वाडीच्या पायवाटेने तिघं वर आली. अनुपमाताई, देवव्रत आणि ईरा. अंबूबाईने गुळपाणी पुढे केलं, पण तिला विचारायचं धाडस होईना. अनुपमाताईंनीच सांगितलं.

"हे खाली रस्त्यावर हॉटेलात बसलेत. चढवत नाही त्यांना. तोल जातो, शब्द सापडत नाहीत. शाळा सुटली."

"पर हायत," अंबूबाई म्हणाली.

"आहेत. तुमच्यामुळे आहेत." अनुपमाताईंनी तिचे हात धरले. "मी ठरवलं होतं, आता मुलांना घेऊन कुठे म्हणजे कुठे जायचं नाही. पण मे उजाडला आणि हेच पिशवी घेऊन दारात बसले. तीन दिवस बसले. मग मीच चप्पल घातली."

देवव्रतने रामजीला ओढ्याचा उगम विचारला. रामजी हसला. "उगम कसला? त्या फनसाखाली जरा झिरपतंय, त्योच." अनुपमाताई आणि देवव्रत ते बघायला गेले. ईरा गेली नाही. तिला मी खुंटीला दिसले होते.

तिने मला खाली घेतलं. झाकणाचा पेला काढून बोटांत धरला.

"अंबूमावशी, मी त्या दिवशी एक पेला पाणी प्यायले."

"मग?"

"बाबांसाठी होतं ते. शेवटचा होता. मी कुणालाच सांगितलं नाही. तो त्यांच्या अंगावर घातला असता तर आज त्यांना शब्द सापडले असते."

अंबूबाई तिच्याजवळ खाली बसली. "आगो बाय, तू पडली असतीस तर मास्तरला वारा कोन घालनार व्हता? आमी आलो तवा तुजा हात हालत व्हता. लांबून त्योच दिसला आमाला. न्हायतर त्या दगडांत दोन मानसं कुटं दिसतात?"

ईराने मान हलवली. ती होकाराची होती की नुसती, मला कळलं नाही. अंबूबाई मला घरी न्यायला सांगू लागली, तर ईरा म्हणाली, "तुम्हीच ठेवा." आणि पेला माझ्या तोंडावर घट्ट बसवून निघून गेली.

त्याला कितीतरी वर्षं झाली. ती पुन्हा आली नाही. सर आहेत की नाहीत, ठाऊक नाही. अंबूबाई म्हातारी झाली, मी फुटले, मग बियाण्याला लागले. पण त्या मुलीने मान हलवताना डोळे खाली वळवले होते, ते माझ्या मनातून जात नाही. मला भीती वाटते, की ती अजून तो पेला मनात घेऊन हिंडत असेल.

म्हणून ही विनवणी. तुम्ही मुलांना घेऊन डोंगरात जा, लेण्यांत जा, त्यांना भरपूर प्रश्न विचारा. आणि त्यांच्यातली एखादी अचानक गप्प झाली, तर तिच्याजवळ बसून तिलाही विचारा.

आणि महाडच्या गंगाधर सरांची ईरा तुम्हाला कुठे भेटली, तर तिला माझं नाव सांगा. म्हणावं, सात पेले तू बाबांना दिलेस आणि आठव्या पेल्याच्या जोरावर दीड तास वारा घातलास. तो पेला वाया गेला नाही. हे तुला अंबूबाईने सांगितलं, पण ती नंतर आली होती. मी सुरुवातीपासून तिथे होते.