हळदीचा दोरा

बाळाची नाळ पडली त्या सकाळी कलावतीबाईंनी ती हळदीत भिजवलेल्या दोऱ्याने बांधली, वर उलटी गाठ मारली आणि कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात ठेवली. मुलाच्या, सुदेशच्या वेळी सासूने असंच बांधून दिलं होतं. त्यांच्या कोकणातल्या गावी नाळ परक्या हाती पडू देत नसत. पडली तर पोराचा ओढा त्या हाताकडे लागतो, म्हणत. म्हणून सुदेशची नाळ कल्याणच्या चाळीतून निघाली ती डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये, पुन्हा देवघराच्याच खणात आली.

सुनेला, रसिकाला, आठवणी खणात नको होत्या, भिंतीवर हव्या होत्या. सोनोग्राफीचा पहिला फोटो, डोहाळजेवणाच्या गजऱ्यातली वाळलेली फुलं, बाळाच्या मनगटावरची हॉस्पिटलची पट्टी, हे सगळं तिने एका फ्रेममध्ये मांडून ठेवलं होतं. मधली जागा नाळेची. ठाण्यात खोपटला राहणारी दीप्ती नावाची मुलगी नाळेवर रेझिन ओतून तिची काचेसारखी चकती करून देत असे. कलावतीबाई आधी नको म्हणाल्या. मग बाळंतिणीचा उतरलेला चेहरा बघवेना, तेव्हा करंडा त्यांनीच तिच्या हाती दिला.

बारशाच्या आठवड्यात चकती आली. सव्वा महिना उलटल्यावर बारसं करायचं ठरलं होतं. कलावतीबाईंनी चष्मा लावून चकती उजेडात धरली. आतला दोरा लाल होता.

"ही आपली नाही," त्या म्हणाल्या.

सुदेश हसला. "आई, वाळल्या शेंगेसारखी तर दिसते. तुला काय ओळखू येणार?"

"तुझीपण आहे खणात. घेऊन जा ऑफिसात, विचार कुणाला ओळखू येते का."

त्यांनी स्वतःच दीप्तीला फोन लावला. बराच वेळ ती सगळ्या सारख्याच दिसतात म्हणत राहिली. शेवटी कबूल झाली की त्या दिवशी दोन चकत्या बरोबर ओतल्या होत्या, दुसरी कोपरच्या एका घरी गेली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "काकू, त्यांचं बाळ राहिलं नाही. म्हणून मला तिथे फोन करवला नाही."

कलावतीबाईंनी घरात एवढंच सांगितलं की जाऊन येते. लाल दोऱ्याची चकती रुमालात बांधून त्यांनी रिक्षा केली. बारशाच्या आत आपली नाळ घरात यायलाच हवी होती.

कोपरला जुन्या गाववाल्यांचं दुमजली घर होतं. दार शालू नावाच्या बाईने उघडलं. गेलेल्या बाळाची आजी. "वर हाय ती," ती म्हणाली. "बोलत नाय कोनाशी." आणि जिन्याखालीच थांबली.

वर जागृती पाळण्याशी बसली होती. पाळण्यात दुपटं अंथरलं होतं, उशाला टोपडं होतं आणि दुपट्यावर चकती ठेवलेली होती. पिवळा दोरा कलावतीबाईंना दारातूनच दिसला. त्यांनी रुमाल सोडला. अदलाबदल झाली गं, तुझी ही, असं जमेल तितक्या हळू सांगितलं.

जागृतीने रुमालाकडे पाहिलंही नाही. "माहितीये मला. आली त्या दिवशीच कळलं. लाल दोरा मीच बांधलेला."

"मग बाई, कळवायचं नाही का?"

"हिच्यात ऊब आहे, आजी. जिवंत बाळाची आहे ना."

 हात पुढे करताना कलावतीबाईंना वाटलं होतं, ही आता रडेल, झोंबेल. पण तिने चकती उचलून अलगद त्यांच्या तळहातावर ठेवली.

"न्या. आता नसली तरी चालेल. बाळाचं नाव ठेवून झालंय."

 लाल दोऱ्याची चकती कलावतीबाईंनी दुपट्यावर ठेवली आणि त्या वळल्या. जिना उतरताना मागे पाळण्याच्या कड्या करकरू लागल्या. जागृती कुणाला तरी लाडाने हाक मारत होती. ते नाव स्पष्ट ऐकू आलं. चकती मुठीत धरून त्या रिक्षात बसल्या, आणि घर येईपर्यंत मूठ घामेजली होती. चकती कोमट लागत होती.

बारसं व्यवस्थित झालं. आत्याने, प्राचीने, कानात कुर्र करून 'साकेत' म्हटलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या. फ्रेम भिंतीवर लागली. दिवेलागणीला पाहुणे गेले आणि बाळ रडायला लागलं. पोटावर हिंग लावून झाला, मीठमोहरी उतरून झाली. दूध तोंडात घेईना.

"आई, काहीतरी करा ना," रसिका रडकुंडीला आली. "तुम्हाला सगळं ठाऊक असतं."

कलावतीबाई पाळण्याची दोरी धरून बसल्या. साकेत, साकेत, म्हणत राहिल्या. बाळ रडतच राहिलं आणि मान वळवून दाराकडे बघत राहिलं.

कोपरच्या जिन्यात ऐकलेलं दुसरं नाव त्यांच्या जिभेच्या टोकावर होतं. त्या नावाने बाळ थांबलं नसतं तर बरंच होतं. पण थांबलं असतं तर?

त्यांनी पदराचा बोळा दातांत धरला आणि दोरी ओढत राहिल्या.