तीन टोलांची घंटी

इंदूबाईंच्या फोनमध्ये ज्याचा त्याचा आवाज वेगळा होता, आणि ते काम त्यांच्या लेकीने, माधवीने, मोठ्या हौसेने केलं होतं. साखरेने आईचे डोळे अधू केले तेव्हापासून तिला अक्षर दिसत नव्हतं. माणूससुद्धा तोंड उघडल्यावरच ओळखू यायचा. म्हणून मागच्या दिवाळीत माधवी अमरावतीहून अकोल्याला आली, ती चार दिवस फोन घेऊनच बसली. रोज उगवत्या सूर्याची चित्रं पाठवणारे सतरा ग्रुप तिने आधी मुके केले. मग एकेका नावाला आवाज दिला. मुलाचा, अनुपचा मेसेज आला की कोंबडा आरवायचा. सुनेचा, वर्षालीचा आला की पाण्याचा थेंब पडायचा. भाचरांना ढोलकी. स्वतःच्या नावाला माधवीने घंटी लावली, तीन स्वच्छ टोल. आईकडून तिने ती दहादा ओळखून घेतली.

माधवी अमरावतीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायोकेमिस्ट होती. रोज सकाळी साडेसातला, पहिले नमुने मशीनला लावायच्या आधी, ती आईला बोलून मेसेज पाठवायची. उपाशीपोटी किती आली? रात्री काय खाल्लं? गोळी घेतली? आईचं उत्तर लगेच यायचं. "एकशे तीस. भाकर. हाव." माधवी तो आकडा आपल्या वहीत तारखेपुढे लिहायची आणि कामाला लागायची.

जूनच्या अकरा तारखेपासून उत्तर थांबलं. मेसेज पोचल्याच्या दोन खुणा यायच्या, पण ऐकल्याची निळी खूण संध्याकाळी सहानंतर, अनुप ऑफिसातून घरी आल्यावर. फोन केला की आई म्हणायची, "वाजलाच नाई वो बाई." माधवीने त्या वेळाही वहीत लिहायला सुरुवात केली. चार महिन्यांत, रविवार सोडले तर, निळी खूण एकदाही सहाच्या आत आली नव्हती. म्हणजे पोचवण्यात दोष नव्हता. घंटीच बंद होती. आणि दिवसभर घरात आईशिवाय एकटी वर्षाली असायची.

तिने अनुपला तसं सरळ सांगितलं. "तुझी बायको आईले माह्यापासून तोडून राहिली."

 अनुप म्हणाला, "ताई, तू एकदा येऊन पाय."

ती आली. अमरावतीच्या घरातल्या लहान खोलीत नवी गादी टाकून, पर्समध्ये दुपारच्या बसची परतीची दोन तिकिटं घेऊन आली.

अकोल्यातल्या कौलखेडच्या घरात अकरा वाजले होते. वर्षाली जमिनीवर बसून मेथी निवडत होती, इंदूबाई शेजारी खुर्चीत. माधवीने पाणीसुद्धा घेतलं नाही. फोन हातात घेऊन तिने एकेक शक्यता खोडत आणली. ॲपच्या सूचना चालू होत्या. फोनचा आवाज पूर्ण होता. कोंबडा जागेवर, थेंब जागेवर, ढोलकीही जागेवर. मग तिने स्वतःचं नाव उघडलं. मेसेजचा आवाज: काही नाही.

"हे कोणी केलं?"

"म्या केलं, ताई." वर्षालीने मान वर केली नाही.

"काहून?"

वर्षालीने एक काडी तोडली, पानं टोपलीत टाकली.

"चार महिने मी भिंतीशी बोलत होती. आंधळ्या माणसाचा कान बंद करतं तू? आई, ऊठ. दोन साड्या घे. मी तुले घेऊन चालली."

"तिच्यावर कायले चढतं वो?" इंदूबाई म्हणाल्या. "म्याच सांगतलं तिले."

माधवीला आधी वाटलं, आई सुनेच्या चुकीवर पांघरूण घालते आहे.

"सकाळी चहासंग टोस्ट तोंडात घातला का वाजलीच तुयी घंटी. हातातला घास खाली ठेवो मी. चोरी धरल्यावानी. चहा थंडा होऊन जाय. हिनं पायलं एक दिवस. इचारलं, आई, खात काहून नाई? मंग म्या म्हटलं, बंद कर माय ते."

"अनुपचा कोंबडा चालते तुले."

"तो इचारते, जेवली का. तू इचारतं, काय जेवली."

"मले सांगायचं होतं."

"सांगतलं असतं तं तू धावत आली असती. आली ना आता."

वर्षालीला हसू आलं असावं. तिने ते मेथीत लपवलं. माधवीने आवाज खाली आणला. "बरं. शुगर तरी मोजता का रोज?"

वर्षालीने फ्रिजवरची शाळेची वही आणून दिली. रोजचा आकडा, रोजची सही, गेल्या वर्षापासूनचा. माधवीने सवयीने आपली वही काढून शेजारी ठेवली. तीन मार्च. तिच्या वहीत एकशे तीस, वर्षालीच्या वहीत दोनशे बारा. चार मार्च. एकशे अठ्ठावीस, एकशे शहाण्णव. ती पानं उलटत गेली. जूनपर्यंत एकही आकडा जुळत नव्हता.

"तू मले खोटं सांगत होती?"

"खरं सांगतलं का तू अर्धा तास बोलशील," इंदूबाई म्हणाल्या. "एकशे तीस सांगतलं का दोन मिनिटात सोडे."

माधवीने त्या आकड्यांचा आलेख काढला होता. लॅबमधल्या डॉक्टरांना दाखवला होता, आणि त्यांनी वाहवा केली होती. ती वही तिने पर्समध्ये, तिकिटांच्या खाली, सारून दिली. जूननंतरचं पान तिने वाचलं नाही. वाचायचं राहिलं नव्हतं. दुरूनच दिसत होतं की दोनने सुरू होणारे आकडे तिथे आधीपेक्षा थोडे आहेत.

"ताई, जेवून जा," वर्षाली म्हणाली. "मेथी टाकतोच आता."

"बस आहे माझी."

वर्षालीला माफीचे दोन शब्द बोलायला हवे होते. माधवीने ते जुळवलेही, पण तेवढ्यात आईने हाक मारली.

"आता आलीच आहे तं एक काम करून जाय, बाई. तुलेच जमते ते. मनकर्णेले आवाजच नाई लावला." मनकर्णा म्हणजे दोन घरं सोडून राहणारी म्हातारी. "ते दुपारी इचारते, येऊ का म्हणून, अन् मले समजतच नाई. तुयी घंटी रिकामीच आहे ना आता? ते तिले लाव. आवाज गोड आहे तिचा."

माधवीने आईकडे पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. वस्तू पडून आहे, तर ती कोणाच्या तरी कामाला यावी, एवढंच होतं.

तिने फोन घेतला. मनकर्णेचं नाव, त्याखाली आवाज, आवाजांच्या यादीत घंटी. एक मिनिटही लागलं नाही. एकदा वाजवून दाखवायची तिची पद्धत होती. या वेळी तिने तसाच फोन आईच्या मांडीवर ठेवला.

दारात ती सँडल घालत होती तेव्हा घरात तीन टोल पडले.

"आली पाय मनकर्णा," इंदूबाई म्हणाल्या. त्यांचा हात चाचपडला नाही, थेट फोनवर गेला. "वर्षाली, चहा टाक वो. टोस्ट बी काढ."

माधवीने दुसऱ्या पायाचा पट्टा लावला. पर्समधून आईचं तिकीट काढून तिने त्याची घडी घातली, मग आणखी एक घडी, आणि फेकायला जागा दिसेना म्हणून मुठीतच धरून ती रस्त्याला लागली.