नऊ तारखेचा कागद

मी शिक्का बोलतोय. तारखेचा शिक्का. मान वर करून सांगावं असं माझ्याकडे फारसं काही नाही. पण आता मला काचेच्या पेटीत ठेवलंय, खाली कौतुकाची पाटी लावलीय, आणि येणारे-जाणारे ती वाचून माना डोलावतात. ते मला सहन होत नाही, म्हणून बोलतोय.

माझी मूठ लाकडाची, चौकट पितळेची. चौकटीत 'प्राप्त' हा शब्द आणि त्याखाली रबराचे तीन फिरते पट्टे: दिवस, महिना, वर्ष. एका म्हाताऱ्या कारागिरानं मला घडवलं. पट्टे दोनदा फिरवून बघत तो म्हणाला, "चांगल्या घरी चाललायस." घर चांगलंच होतं. देशभरातल्या गणितज्ञांची ती संस्था.

गणितज्ञांना संस्था हवी कशाला, असं सुरुवातीला मलाही वाटायचं. एक पेन्सिल आणि आतून कडी लावता येईल अशी खोली मिळाली की त्यांचं भागतं. पण मग हळूहळू कळलं. खोलीत एकट्याला जे सापडतं ते खरं आहे का, हे दुसऱ्या कोणीतरी तपासावं लागतं. ते छापावं लागतं, दूरदूरच्या लोकांपर्यंत पोचवावं लागतं. वर्षातून एकदा या एकलकोंड्या माणसांना एका सभागृहात बसवून एकमेकांशी बोलायला लावावं लागतं. शाळेची पुस्तकं नीट झालीत की नाही तेही बघावं लागतं. आणि एकच गोष्ट दोघांना सापडली, तर आधी कोणाला, याची नोंद कोणीतरी निष्पक्षपणे ठेवावी लागते. ते शेवटचं काम माझं.

संस्थेच्या त्रैमासिकात प्रत्येक लेखाच्या मथळ्याखाली बारीक अक्षरात छापलेलं असे, 'प्राप्त', आणि पुढे तारीख. ती तारीख मी उमटवलेली. मोठमोठे प्राध्यापक माझ्यापुढे चूप बसत. याचा मला भारी गर्व होता. त्याहून मोठा गर्व याचा, की मला कधी कोणी मागे फिरवलं नव्हतं. रोज सकाळी कार्यालयातल्या कारकून ताई मला एक घर पुढे सरकवत. पुढेच, मागे कधीच नाही.

ताई मनानं मऊ होत्या. येणाऱ्या प्रत्येकाला आधी पाणी देत, मग काम विचारत. आत सचिव बसत. विद्वान, सरळ आणि नियमाला पक्के.

या कार्यालयाचा एक रिवाज होता. कुठे छापलेला नव्हता, पण सगळे पाळत. विद्यापीठातून लेख आला की लगेच शिक्का. बाहेरच्या कोणाचा आला, तर तो ज्यांच्या हाताखाली काम करतो त्या साहेबांचं पत्र येईपर्यंत लेख एका ट्रेमध्ये थांबायचा, आणि पत्र येईल त्या दिवशी शिक्का पडायचा. यालाही कारण होतं. दर आठवड्याला कोणी ना कोणी वर्तुळाएवढाच चौरस काढून दाखवल्याचा दावा पाठवत असे, जे पट्टी-कंपासानं अशक्य असल्याचं कधीच सिद्ध झालंय. एकानं तर पुरावा म्हणून सुतळी जोडली होती.

एका महिन्याच्या नऊ तारखेला एका शाळेतल्या बाई आल्या. दिवसभराची रजा टाकून, तीन तासांचा बसप्रवास करून. पिशवीतून त्यांनी बावीस पानं काढली, स्वच्छ अक्षरातली.

"पोस्टानं पाठवायचा धीर झाला नाही," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं लागलीत याला. पेपर तपासून, पोरांचे डबे करून उरेल त्या वेळात केलंय."

कोणत्या आकाराच्या फरशा फट न ठेवता जमिनीवर बसतात आणि कोणत्या कधीच बसणार नाहीत, असा तो प्रश्न. ताईंना त्यातलं काही कळलं नाही, पण ती पानं बघून त्यांनी मला शाईच्या गादीवर दाबलं आणि कागदावर आणलं. कागद माझ्याखाली वीतभर अंतरावर होता.

आतून सचिवांनी विचारलं, "ताई, मुख्याध्यापकांचं पत्र आहे का?"

"नाही सर."

"मग थांबा. पत्र आलं की मारा."

ताईंनी मला खाली ठेवलं. बाईंनी विचारलं, "पण तारीख आजचीच पडेल ना?"

"पडेल हो. तुम्ही निश्चिंत जा," ताई म्हणाल्या.

माझ्या तोंडावरची शाई तशीच वाळली.

वीस तारखेला एका मोठ्या प्राध्यापकांचा लेख टपालानं आला. तोच प्रश्न, तेच उत्तर. त्यांनी काही चोरलं नव्हतं, त्यांनाही ते स्वतःच सापडलं होतं. विद्यापीठाचा कागद बघून ताईंनी मला ठक्कन उमटवलं. सत्तावीसला मुख्याध्यापकांचं पत्र आलं. इतके दिवस ते त्यांच्या टेबलावर सहीवाचून पडलं होतं.

ताईंनी मला हातात घेतलं. मग त्यांनी अंगठ्यानं माझा दिवसाचा पट्टा मागे ढकलायला सुरुवात केली. सव्वीस, पंचवीस, चोवीस. तेवढ्यात सचिव बाहेर आले.

"हे काय करताय? तारीख मागे फिरवायची नाही. एकदा फिरवली की या संस्थेवर कोण विश्वास ठेवेल?"

"सर, त्या नऊलाच आल्या होत्या. मी त्यांना शब्द दिलाय."

"पत्र कधी आलं?"

"आज."

"मग आजची मारा."

आता जे सांगतो, त्याचीच मला सगळ्यात जास्त शरम वाटते. सचिवांचं बोलणं ऐकून मी खूश झालो. माझी अब्रू राखली गेली, असं वाटलं. ज्या दिवशी मागे फिरण्यातच खरेपणा होता, त्या दिवशी मी पुढे ताठ उभा राहिलो आणि सत्तावीस उमटलो. इतका ठळक मी आधी कधी उमटलो नव्हतो.

संपादकांनी दोन्ही लेख शेजारी ठेवून तारखा बघितल्या. सात दिवसांचा फरक. प्राध्यापकांचा लेख छापून आला, सिद्धांताला त्यांचं नाव मिळालं. बाईंना पत्र गेलं, की हा निष्कर्ष आधीच सिद्ध झालेला आहे.

त्या पुन्हा आल्या. आवाज चढवला नाही. ताईंना एवढंच म्हणाल्या, "मी इथेच बसले होते. तुम्ही मला पाणी दिलं होतं."

 निवृत्त होईपर्यंत ताई दर महिन्याला आठावरून नऊवर मला सरकवताना थोड्या थांबत. पण बोलल्या कोणापाशीच नाहीत. सचिव मात्र सगळं विसरून गेले. ते नियमानं वागले होते ना.

पुढे कामकाज संगणकावर गेलं आणि मी खणात पडलो. संस्थेला पन्नास वर्षं झाली तेव्हा मला शोधून पेटीत ठेवलं. पाटीवर लिहिलंय, 'कधीही न चुकलेला साक्षीदार.'

मागच्या आठवड्यात शाळेची सहल आली. सोबत त्या बाई होत्या. केस पिकलेत, हातात तशीच पिशवी. एका मुलीनं पाटी मोठ्यानं वाचली आणि विचारलं, "बाई, हा खरंच कधी चुकला नाही?"

मी वाट बघत होतो, की आता त्या सांगतील. त्यांनी सांगावं असंच मला वाटत होतं.

बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुझं काही छापायचं असेल ना, तर कागद टेबलावर ठेवायचा आणि शिक्का पडेपर्यंत खुर्चीवरून उठायचं नाही. कोणी कितीही गोड बोललं तरी."

मुली हसल्या. त्याही हसल्या, आणि पुढच्या दालनात गेल्या.

संस्थेतल्या मंडळींनो, तुम्ही खोटं छापत नाही हे मला माहीत आहे. मग एक ओळ छापा, की तो कागद नऊ तारखेला इथे पोचला होता. प्राध्यापकांचं नाव खोडू नका, शेजारी बाईंचं लिहा. त्यांना मुद्दाम कळवायची गरज नाही. सभासदांच्या यादीत त्यांचं नाव आजही आहे, दर तीन महिन्यांनी अंक त्यांच्या घरी जातो. त्या अजून वाचतात.