वजनकाट्याच्या पडद्यावरची अक्षरं

सकाळी साडेनऊला तेलगिरणीच्या वजनकाट्याच्या खोलीबाहेर दीडेकशे माणसं उभी होती. सरकीचे ट्रक फाटकापर्यंत अडले होते आणि ड्रायव्हरही खिडकीशी येऊन माना उंचावत होते. आत कॉम्प्युटर होता. १९९२ साली अमळनेरात तो तसाही बघण्याचाच विषय, पण गर्दी त्यासाठी नव्हती. मेलेला माणूस त्याच्या पडद्यावर लिहितो, असं गावभर झालं होतं.

मेलेला माणूस म्हणजे धनसिंग, काट्यावरचा कारकून. चार महिन्यांपूर्वी याच टेबलाशी छातीत कळ येऊन गेला. त्याच्या जागी बायको प्रमिलाबाई लागली. दीड महिन्यापूर्वी कॉम्प्युटर आला आणि पहिल्या दिवसापासून तीच त्यावर बसली. ट्रकचं वजन तिनं इथं टाकायचं, ते वायरीतून मागच्या ऑफिसात पोचायचं आणि तिथलं उत्तर त्याच वायरीतून तिच्या पडद्यावर यायचं. आठवड्याभरात पडद्यावर कुणी न टाकलेली अक्षरं उमटायला लागली.

धनसिंगचा धाकटा भाऊ अभिमन याच गिरणीत रोजंदारीवर घाण्याची विजेची मोटार चालू-बंद करायचा. त्यानं यावलकडून आत्म्यांशी बोलणाऱ्या झिपरू महाराजांना आणलं.

"बठ्ठा चूप बसा!" महाराज सगळ्यांवर गरजले. "आत्मा वायरमा शे. गडबड करशात तर निंघी जाई."

त्यांनी शंख फुंकला. पाच-सहा सेकंदांत पडद्यावर इंग्रजी अक्षरं, आकडे, तिरक्या रेघा धावल्या. बाहेर हात जोडले गेले.

"दखा! लिखी राह्यना," महाराज पडद्यावर बोट ठेवून वाचू लागले. "मन्ही नोकरी मन्हा भाऊले द्या!"

"महाराज," एका ड्रायव्हरनं शंका काढली, "धनसिंगले इंग्रजी कवय येवाले लागनं?"

"वर गया का बठ्ठं येस."

टेबलावर प्रमिलाबाईच्या नावाचा राजीनामा तयार होता. सही झाली की प्रमिलाबाईची नोकरी जाणार होती आणि गिरणीच्या चाळीतली खोलीही. तिला दोन मुली होत्या. ती रडत नव्हती. नवरा गेल्यापासून तिला रडू आलंच नव्हतं. मात्र महिनाभर ती रोज अर्धा तास आधी येऊन पडद्यासमोर बसत होती.

"त्यांचं तेच म्हणणं असेल तर देते सही," ती म्हणाली.

"जरा थांबा, ताई." हे शालिग्राम सर. धुळ्याला तंत्रशाळेत शिकवायचे. गिरणीचे मालक केवलचंद शेठ यांनी त्यांना कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी बोलावलं होतं आणि ते मघापासून कोपऱ्यात उभे राहून भिंतीपलीकडची घरघर ऐकत होते. "महाराज, शंख पुन्हा वाजवाल? पण आधी त्या अभिमनभाऊंना बोलवा. सख्ख्या भावानं जवळ नको का बसायला?"

भिंतीपलीकडे मोटारीच्या स्टार्टरजवळ उभ्या असलेल्या अभिमनला लोकांनीच हाताला धरून आणलं. सरांनी त्याला शेजारी बसवलं.

शंख वाजला. पडदा कोरा. पुन्हा वाजला. कोराच. तिसऱ्यांदा महाराजांचे गाल सुजल्यासारखे दिसत होते.

"आत्मा रुसना," महाराज म्हणाले.

"का मोटार रुसनी?" तोच ड्रायव्हर म्हणाला. दोघे-तिघे हसले.

सर प्रमिलाबाईकडे वळले. "ताई, पलीकडे जा. स्टार्टरचं हिरवं बटण दाबा."

ती गेली. भिंतीपलीकडून मोटारीची घरघर आली आणि पडद्यावर अक्षरांची रांग धावली. बंद केल्यावर पुन्हा चार अक्षरं आली. सरांनी तिला पाच वेळा बटण दाबायला लावलं. पाचही वेळा तेच झालं.

"शेठजी, ही वायर कोणती टाकलीत?" सरांनी दाराशी उभ्या केवलचंद शेठना विचारलं.

"टेलिफोनची जुनी पडून होती. आणि नवी चारी कशाला खणायची, म्हणून मोटारीच्या केबलशेजारूनच नेली."

सरांनी वायरीचा तुकडा कापून सोलला. आत तांब्याच्या तारा, वर नुसतं प्लॅस्टिक. मग स्वतःच्या पिशवीतल्या नव्या वायरीच्या वेटोळ्यातला तुकडा सोलला. आतल्या तारांना जोडीजोडीनं पीळ, त्यांवर वर्खासारखा पातळ पत्रा आणि त्यावर तांब्याची विणलेली जाळी.

"केळीच्या बागेभोवती शेवरी का लावता?" त्यांनी गर्दीला विचारलं.

"वारा लागाले नको म्हनी."

"तसंच. मोटार सुरू होताना विजेचा जोराचा झटका बसतो. शेजारच्या उघड्या वायरीत त्याची गडबड शिरते, आणि कॉम्प्युटर तिलाच अक्षरं समजतो. या वायरीत ती गडबड बाहेरची जाळीच अडवते आणि जमिनीत सोडते. म्हणून जाळी अर्थिंगला नीट जोडावी लागते. नुसती गुंडाळून भागत नाही."

नवी वायर त्यांनी मुद्दाम त्याच चारीतून ओढली, म्हणजे फरक वायरीचाच आहे हे कळावं. तासाभरानं मोटार दहा वेळा चालू-बंद केली. पडद्यावर एक अक्षर आलं नाही. एव्हाना महाराज फाटकाबाहेर पडले होते. अभिमन खाली बघत बसला होता.

"महिनाभर बघत होतो मी," तो म्हणाला. "मोटार लावली का अक्षरं येतात, हे बाकी कोणाला माहीत नव्हतं."

प्रमिलाबाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. "म्हणजे ते काही बोललेच नाहीत," ती सरांना म्हणाली.

"नाही, ताई."

"एकदाही?"

"नाही."

"बरं." ती खुर्चीवर बसली. राजीनाम्याचा कागद तिनं बाजूला सरकवला आणि पहिल्या ट्रकचा नंबर विचारला.

वायरीत आत्मा नव्हता. वाईट वायर होती आणि त्या वाईट वायरीचा फायदा घेणारा भाऊ होता. मेलेल्याच्या नावानं कुणी सही मागत असेल, तर पेन हातात घेण्याआधी उठावं आणि भिंतीपलीकडे कोण उभं आहे ते बघून यावं. तिथं बहुतेक वेळा जिवंत माणूस सापडतो.