एका डोळ्याची दुर्बीण

शनिवारी दुपारी शेवटची स्लाइड तपासून कामिनीनं हात धुतले आणि मोबाइल उघडला. हौसबाजार या लिलावाच्या अ‍ॅपवर एक नवीन वस्तू आली होती. 'जुनी दुर्बीण. एकाच डोळ्याची. स्टँड नाही. चालते की नाही माहीत नाही. जसं आहे तसं, परत घेणार नाही.' फोटो एकच, गोणपाटावर ठेवून काढलेला. विकणारा मनिष, शहापूर, जिल्हा भंडारा. बोली पंधराशेपासून.

कामिनी उभी होती ती खाली बसली.

लाखनीच्या एका खाजगी लॅबमध्ये ती रक्त-लघवी तपासायची. गाव तिथून पाच किलोमीटरवर, घरचं धान, आणि घरामागे तलाव. हिवाळ्यात त्या तलावावर दूरदेशीची बदकं उतरत. त्यांना ओळखायचं, वहीत लिहून ठेवायचं, हे तिचं सात वर्षांपासूनचं वेड. पण बदकं बसत तलावाच्या मधोमध, आणि तिच्याकडची छोटी दुर्बीण तिथपर्यंत पोचत नसे. दोन वर्षांपूर्वी पक्षीगणनेला नागपूरच्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी आपल्या मोठ्या दुर्बिणीतून तिला क्षणभर पाहू दिलं होतं. बदकाच्या चोचीवरचा पाण्याचा थेंब दिसला होता तिला. गोणपाटावर पडलेली वस्तू अगदी तशीच होती. तोच मान वाकडी केल्यासारखा मागचा भाग, तीच हिरवट कडी. बाईंनी किंमत सांगितली होती तेव्हा कामिनीनं विषयच बदलला होता. नवीन घ्यायची तर लाखाच्या वर.

अशी दुर्बीण मुळात एकाच डोळ्यानं पाहायची असते, आणि हा माणूस ते खोट सांगावी तसं सांगत होता.

लिलाव सहाला संपणार होता. कामिनीनं सव्वीसशेची बोली लावली. चार वाजले, पाच वाजले, कोणीच पुढं आलं नाही. कामावरून घरी येऊन ती अंगणात फेऱ्या मारत राहिली. साडेपाचला मोबाइल टुणकन वाजला. 'राजा००७' नावाच्या कोणीतरी तीन हजार लावले.

तिनं साडेतीन केले. वीस सेकंदांत चार. तिनं साडेचार केले, लगेच पाच. साडेसहा हजार लावले तर त्यानं एकोणसत्तरशे केले. ती सात टाकणार, इतक्यात तिला वाटलं, हा माणूस विचार कसा करत नाही? एकदाही थांबत नाही?

तिनं त्याचं खातं उघडलं. महिनाभरापूर्वी काढलेलं. अकरा बोल्या, आणि अकराही शहापूरच्या मनिषच्याच वस्तूंवर. एक टेपरेकॉर्डर त्यानं जिंकलाही होता, आणि चार दिवसांनी तोच टेपरेकॉर्डर, तीच तुटकी बटणं, मनिषच्याच दुकानातून पुन्हा लिलावात आला होता.

"चोट्टा कुठला!" कामिनी एवढ्या मोठ्यानं ओरडली की तिचे बाबा, देवाजी, ढोरांचं पाणी टाकून धावत आले.

"काय झालं? कोण चोट्टा?"

"बाबा, हा विकणारा स्वतःच दुसऱ्या नावानं बोली लावून राहिला. मले चढवून राहिला!"

सहा वाजायला तीन मिनिटं होती. कामिनीनं मोबाइल खाटेवर उलटा टाकला आणि हात पाठीमागं धरून उभी राहिली. आयुष्यातली सगळ्यात लांब तीन मिनिटं होती ती. राजा००७ जिंकला.

सहा वाजून दहा मिनिटांनी मनिषचा मेसेज आला. 'ताई, समोरच्यानं माघार घेतली. तुमच्या साडेसहा हजारात देऊन टाकतो.'

ती खुदकन हसली. मग तिनं सरळ फोन लावला.

"मनिषभाऊ, राजा म्हणजे तुमीच न?"

पलीकडे ट्रकांचा आवाज येत होता.

"नाही ताई, मले काय माहीत तो कोण."

"टेपरेकॉर्डर त्यानं घेतला आणि तुमच्याकडे वापस कसा आला? अ‍ॅपवाल्यायले पाठवू का मी हे सगळं?"

"ताई, ताई, थांबा न. धंदा हाय. एवढं तर सगळेच करतात."

"मी नाही करत. खोटी बोली सुरू व्हायच्या आधी माझे सव्वीसशे होते. तेवढेच देईन. आणि आधी वस्तू डोळ्यानं पाहीन."

मनिषनं मोठा श्वास सोडला. "या उद्या. हायवेवर टायरवाल्याच्या बाजूले दुकान हाय."

रविवारी सकाळी स्कूटीच्या मागे देवाजी बसले. पोरगी एकटी भांडायला जाते हे त्यांना पटलं नव्हतं, आणि भांडण पाहायचंही होतं. कारध्याचा पूल ओलांडून, भंडारा मागं टाकून दोघं शहापूरला पोचले, तेव्हा थंडीनं दोघांची नाकं लाल झाली होती.

मनिष तिशीच्या आतला निघाला, डोक्याला माकडटोपी. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड. जवळच्या फॅक्टरीच्या क्वार्टरांतून बदली होऊन जाणारे लोक जे टाकून जात, ते उचलून विकायचं, हा त्याचा धंदा. पंखे, सायकली, कपाटं, एक अख्खी शिलाई मशीन. दुर्बीण त्यानं टेबलावर आणून ठेवली. लॅबमधली टॉर्च कामिनीनं बरोबर आणली होती. एका टोकातून प्रकाश टाकून ती दुसऱ्या टोकातून पाहू लागली. काचेवर बुरशी धरली असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात, आणि असे धागे ओळखण्यात तिचा रोजचा दिवस जात होता. तिनं एकदा पाहिलं, फिरवून पाहिलं, पुन्हा पाहिलं. एकही धागा नव्हता. बाहेरून एक पोचा होता, बस. आतली काच नदीच्या पाण्यासारखी.

तिला उडी मारावीशी वाटली. तिनं चेहरा कोरा ठेवला आणि पर्समधून सव्वीसशे काढले.

मनिषनं नोटांकडे हात केला नाही. तो तिच्या तोंडाकडे पाहत होता.

"ताई, एक खरं सांगा. काल तुमी मले खोटा म्हटलं, बरोबर म्हटलं. मी आजच्या आज ते खातं बंद करतो. पण ही वस्तू काय हाय? मले तर काहीच समजत नाही. पाचशे रुपयांत कपाटासोबत आली. तुमी पस्तीस किलोमीटर गाडी हाणत आल्या, टॉर्च घेऊन. किती किमतीची हाय?"

देवाजी जोरात खाकरले. टेबलाखालून कामिनीच्या पायावर त्यांची चप्पल पडली.

कामिनी काही न बोलता घेऊन गेली असती तर गोष्ट वेगळी होती. त्याचा माल, त्याची किंमत. पण त्यानं तोंडावर विचारलं होतं. आणि कालच ती फोनवर म्हणाली होती, मी नाही करत.

"चांगली आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "खूप चांगली आहे. नवीन लाखाच्या वर. अशी जुनी, पोचा आलेली, स्टँड नसलेली, तरी चाळीस हजारापर्यंत जाईल."

मनिष स्टुलावर बसला. देवाजींनी पाय मागं घेतला आणि बाहेर जाऊन तंबाखू मळायला लागले.

"चाळीस हजार?" मनिषचा आवाज चिरकला. "आणि तुमी सव्वीसशे घेऊन आल्या?"

"हो."

"मग मी काहून देऊ सव्वीसशेमध्ये?"

"नोका देऊ." कामिनीनं नोटा पर्समध्ये परत ठेवल्या. "पण एकदा तुमी स्वतः पाहा तर खरं यातून. चला, तुमच्या गावचा तलाव कुठं आहे?"

तलावाच्या मातीच्या बांधावर, पाळीवर, तिनं दुर्बीण दगडावर, स्वेटरची घडी खाली देऊन ठेवली. तिनं नेम धरला, कडी फिरवून चित्र स्पष्ट केलं आणि बाजूला झाली. मनिषनं डोळा लावला. लावला तो काढेचना.

"अबे बापा! हे काय हाय? याचं डोकं तर नारिंगी हाय! चोच लाल!"

"लालसरी बदक आहे ते. हजारो किलोमीटरवरून येते."

"इथं? आमच्या तलावात? मी लहानपणापासून पाहून राहिलो, मले तर काळे ठिपके दिसतात!"

अर्धा तास तो उठला नाही. उठला तेव्हा गुडघ्यांना माती लागलेली. "ताई, मी व्यापारी माणूस हाव. फुकट नाही देऊ शकत. पुन्हा लिलाव करतो, पण खरा. माहिती तुमी लिहून द्या. तुमीपण बोली लावा."

कामिनीनं लिहून दिलं. काच कशी आहे, पोचा कुठं आहे, स्टँड नाही, सगळं. आठ फोटो काढले, टॉर्च लावून आतलेही. राजा००७ तिच्यासमोर पुसला गेला.

परतीच्या वाटेवर कारध्याचा पूल आला. देवाजी तिच्या हेल्मेटजवळ तोंड आणून म्हणाले, "सांगतलं काहून त्याले?"

"त्यानं विचारलं म्हणून."

"नसतं सांगतलं तर?"

"तर आता तुमच्या मांडीवर असती दुर्बीण, बाबा!" कामिनी ओरडून म्हणाली, आणि तिला रडूही आलं, हसूही आलं.

लिलाव पुढच्या रविवारी अकराला संपणार होता. ते आठ दिवस कामिनीनं जेवताना, रक्त काढताना, झोपताना एकच आकडा मनात धरला. तिच्याकडे अठ्ठावीस हजार साठलेले होते. बुधवारी पुण्याच्या एकानं वस्तूखाली विचारलं, 'या विक्रेत्यावर भरवसा ठेवावा का? याचा टेपरेकॉर्डर दोनदा विकायला आलेला दिसतो.' मनिषनं काही लिहिलं नाही. कामिनी दिवसभर तो प्रश्न पाहत राहिली. पुणेवाल्याला पळवून लावणं किती सोपं होतं. संध्याकाळी तिनं लिहिलं, 'मी स्वतः शहापूरला जाऊन पाहिली आहे. काच स्वच्छ आहे. मीही बोली लावणार आहे.'

रविवारी ती पावणेअकराला गावच्या तलावाच्या पाळीवर जाऊन उभी राहिली. अंगणातल्या रेंजचा भरवसा नव्हता, तिथं त्यातल्या त्यात बरी मिळे. देवाजी शेजारी. बोली तेवीस हजारांवर होती.

"किती झाली?" देवाजी विचारत.

"चोवीस. हैदराबादवाला."

"आता?"

"पंचवीस. पुण्यावाला. बाबा, बोलू नका!"

अकराला एक मिनिट असताना तिनं साडेपंचवीस लावले. कोणी शेवटच्या क्षणी बोली लावली की अ‍ॅप दोन मिनिटं वाढवून देई. पुण्याहून सव्वीस आले. हैदराबाद गळाला. तिनं साडेसव्वीस केले. दोन मिनिटं वाढली. सेकंद उतरत गेले, पन्नास, चाळीस, वीस, आणि सत्तावीस हजार! पुणेवाला! देवाजींनी धोतराचा सोगा घट्ट धरला.

"आता किती हायेत तुह्याजवळ?"

"एक हजार वर."

"टाक सगळे!"

तिनं अठ्ठावीस हजार टाकले. यापुढं एक रुपयाही नव्हता. दोन मिनिटं सुरू झाली. पाणकावळा पंख पसरून खुंटावर बसला होता, तो तिला दिसलाही नाही. साठ सेकंद. तीस. मोबाइलवर एक ठिपका फिरायला लागला, रेंज गेली. कामिनी पाळीवरून वर, अजून वर, पळसाच्या बुडाशी मोबाइल उंच धरून धावली. ठिपका फिरत राहिला. मग पडदा उजळला.

'अभिनंदन. ही वस्तू तुमची झाली.'

ती किंचाळली. देवाजींनी टोपी हवेत फेकली, ती पाण्याच्या कडेला पडली. लगेच फोन वाजला, मनिष होता.

"ताई! मी काहीच नाही केलो! देवाशपथ, एकही बोली माझी नाही! तरी अठ्ठावीस हजार!"

"माहीत आहे, भाऊ, माहीत आहे!"

"कुरिअर नाही करत मी. रस्त्यात फोडतील ते लोक. स्वतः घेऊन येतो. आणि ताई, चाळीस नाही आले, त्याचं कारण मले समजलं. पुण्यावाल्यानं विचारलं न, भरवसा ठेवावा का? ते बारा हजार माझ्या टेपरेकॉर्डरमध्ये गेले."

दुपारी दोन वाजता मोटरसायकलवर, पोटाशी रजईत गुंडाळलेली दुर्बीण घेऊन तो आला. कामिनीनं टॉर्च लावून सगळं पुन्हा तपासलं. मनिष कमरेवर हात ठेवून पाहत होता आणि त्याला राग आला नाही. तपासून झाल्यावर तिनं अ‍ॅपवर 'मिळाली' हे बटण दाबलं, म्हणजे तिनं भरलेले, अ‍ॅपनं वस्तू हाती येईपर्यंत अडवून ठेवलेले पैसे त्याला सुटले. मग सगळे पाळीवर गेले. कामिनीची आई आनंदाबाईही हातातली परात ठेवून आली.

पहिलं कामिनीनं पाहिलं. तलावाच्या मधोमध, कमळाच्या पानांत, इतके दिवस ज्यांना ती वहीत 'बदक, ओळखू आलं नाही' असं लिहीत आली होती, त्यांची तिनं एका दमात चार नावं सांगितली. आवाज चढत गेला तिचा. मग आईची पाळी. एक बगळा मासा गिळत होता, आनंदाबाईंना तो मासा त्याच्या गळ्यातून खाली जाताना दिसला. "अगं माय, जिता हाय तो!" म्हणून त्या मागं सरकल्या. मनिष तर रांगेत दोनदा उभा राहिला.

शेवटी देवाजी बसले. त्यांना बदकांत रस नव्हता. त्यांनी दुर्बीण हळूहळू तलावापलीकडे, हिरालालच्या शेताला लागून असलेल्या स्वतःच्या धानाच्या बांध्यांकडे वळवली. धानानंतर तिथं लाखोरीची डाळ पेरलेली होती, हिरवीगार.

"काय दिसते बाबा?"

"हिरालालची म्हैस!" देवाजी ताडकन उठले. "माह्या लाखोरीत! शेंगा खाऊन राहिली ते, दात दिसून राहिले तिचे!"

आणि धोतर खोचून, पाळीवरून, दोन्ही हात हलवत, त्या म्हशीला इथूनच शिव्या देत ते धावत सुटले. मनिषनं पटकन दुर्बिणीला डोळा लावला, "पाहू द्या, पाहू द्या, पोचले का ते?" आणि हसून हसून खाली बसलेल्या कामिनीला उठताच येईना.